थोरला अल्बम, धाकटा अल्बम

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. जिन्यातच आवाज आला, म्हणून वाटलं क्रिकेटची मॅच चालू असणार. दार उघडलं तर माझे दोन्ही भाचे समोरासमोर उभे. थोरला बारावीत आहे आणि धाकटा आठवीत. दोघांच्या मध्ये टेबलावर एक फोन आणि एक छोटा स्पीकर.

"बरं झालं आलास," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळपासून चाललंय यांचं. तूच काय तो निकाल लाव, म्हणजे मला पोळ्या तरी शांतपणे लाटता येतील."

भांडण कशावरून होतं, सांगू? एका बँडवरून! बँडचं नाव पॉर्क्युपाइन ट्री, म्हणजे मराठीत चक्क 'साळिंदराचं झाड'. या बँडने २००७ सालच्या एप्रिलमध्ये एक मोठा अल्बम काढला, 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट'. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चार गाण्यांची एक छोटी सीडी काढली, 'निल रिकरिंग'. थोरल्याचा लाडका मोठा अल्बम. धाकट्याची लाडकी छोटी सीडी.

"मामा, तू याला सांग," थोरला म्हणाला. "अल्बममध्ये जे बसलं नाही ते गोळा करून त्यांनी ही सीडी काढली. उरलंसुरलं आहे ते. आणि हा म्हणतो तेच भारी!"

"उरलेलं म्हणजे वाईट का?" धाकटा उसळला. "काल रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात केला आईने, तो तूच दोनदा मागून घेतलास ना?"

मला हसू आलं, पण निकाल देणं सोपं नव्हतं. म्हटलं, आधी दोन्ही नीट ऐकू, जेवणानंतर बोलू. आज तुम्हालाही त्याच पंगतीत बसवतो.

आधी साळिंदराच्या झाडाची ओळख करून देतो. गंमत म्हणजे हा बँड थट्टेतून जन्मला. १९८७ साली इंग्लंडमधल्या हेमेल हेम्पस्टेड या गावात स्टीव्हन विल्सन नावाच्या तरुणाने एका मित्राच्या साथीने एक खोटाच बँड रचला. त्याचे सभासद खोटे, त्यांचा इतिहास खोटा. गाणी मात्र खरी, घरी बसून एकट्याने रेकॉर्ड केलेली! ती लोकांना आवडायला लागली, आणि मग मंचावर वाजवायला खरी माणसं जमवावी लागली. २००७ सालच्या आपल्या गोष्टीत चौघे आहेत. गाणारा आणि गिटार वाजवणारा विल्सन, कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी, बेस गिटारवर कॉलिन एडविन आणि ड्रमवर गॅव्हिन हॅरिसन. हा बँड मुंबईलाही येऊन गेलाय बरं का! डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या 'मूड इंडिगो' महोत्सवात त्यांनी वाजवलं होतं.

ते वाजवतात त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. साधं रॉक गाणं तीन-चार मिनिटांत आटपतं. कडवं, धृपद, कडवं, धृपद, संपलं. प्रोग्रेसिव्हवाल्यांना एवढ्याने भागत नाही. यांचं गाणं दहा मिनिटं चालेल, वीस मिनिटंही चालेल. मधेच चाल बदलेल, मधेच वेग बदलेल. ठेकासुद्धा नेहमीचा चार मात्रांचा असेलच असं नाही. कधी पाच, कधी सात. तबला शिकणाऱ्यांनो, तुम्हाला यात काय नवल! तुमचा रूपक सात मात्रांचाच असतो. पिंक फ्लॉइड या बँडचं 'मनी' हे १९७३ सालचं प्रसिद्ध गाणं सातांतच चालतं. आवर्तन मोजत ऐका, बोटं बरोबर समेवर येतात.

आता अल्बम आणि छोटी सीडी यांतला फरक. तुमच्या आजी-आजोबांच्या घरी रेकॉर्डप्लेअर होता का, विचारा. मोठी थाळीएवढी काळी तबकडी असायची, ती एलपी. ती १९४८ साली अमेरिकेत आली. मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे फिरायची आणि एकेका बाजूला वीसेक मिनिटं वाजायची. दुसरी बशीएवढी तबकडी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. त्या छोट्या तबकडीवर दोन्ही बाजू मिळून चारेक गाणी बसवली की तिला ईपी म्हणायचे. आपल्याकडेही भावगीतांच्या आणि नाट्यगीतांच्या ईपी घरोघर असायच्या. तबकड्या गेल्या, कॅसेट गेल्या, सीडीही गेल्यात जमा आहेत, पण नावं टिकली. चारेक गाण्यांचा ऐवज म्हणजे आजही ईपीच.

आता थोरल्याची बाजू.

'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' म्हणजे 'कोऱ्या ग्रहाची भीती'. पब्लिक एनिमी या रॅप गटाचा १९९० सालचा 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' नावाचा अल्बम आहे, त्यातलं एकच अक्षर बदलून हे नाव केलं. गाणी सहा आणि वेळ एकूण पन्नास मिनिटांच्या थोडा वर. यांतलं एकटं 'अ‍ॅनेस्थेटाइज' सतरा मिनिटं बेचाळीस सेकंदांचं आहे!

सहाही गाण्यांत एकच मुलगा आहे. तुमच्याच वयाचा. पडदे ओढलेल्या खोलीत बसलेला. टीव्ही चालू आहे, व्हिडिओ गेम चालू आहे, गोळ्या चालू आहेत. त्याच्याकडे सगळं आहे आणि त्याला कशाचंच काही वाटत नाही. राग नाही, आनंद नाही, भूकसुद्धा नाही. चेहरा कोरा. विल्सनला ही कल्पना ब्रेट ईस्टन एलिस या अमेरिकी लेखकाच्या 'लुनार पार्क' या कादंबरीवरून सुचली. कादंबरी बापाच्या नजरेतून आहे, विल्सनने ती मुलाच्या नजरेतून गायली. एक तारीख ध्यानात घ्या. हा अल्बम एप्रिल २००७ चा आणि पहिला आयफोन दुकानात आला जून २००७ मध्ये. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हातात हे चकाकतं खेळणं यायच्या आधीच या माणसाने त्या मुलाला पाहिलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा दोघेही भाचे जरा गप्प झाले. धाकट्याने टेबलावरचा फोन हळूच पालथा घातला.

या अल्बमची खरी ताकद आहे क्रमात. आपलं 'गीतरामायण' आठवा. त्यातली छप्पन्न गाणी सुटी सुटी गोडच आहेत, पण ओळीने ऐकली की रामकथा पुढे सरकत जाते आणि पुढचं गाणं मागच्या गाण्यामुळे जास्त भिडतं. इथेही तसंच आहे. 'अ‍ॅनेस्थेटाइज'चा गडगडाट संपून सगळं थंड होतं, आणि मग 'सेंटिमेंटल' हे पियानोवरचं हळवं गाणं येतं. ते एरवी ऐकलं तर 'बरं आहे' म्हणाल. त्या गडगडाटानंतर ऐकलं तर घशात काहीतरी अडकतं. शेवटच्या गाण्यात व्हायोलिनांचा ताफा चढत चढत येतो आणि पन्नास मिनिटांचं दडपण एकदम फुटतं.

"बघ!" थोरला म्हणाला. "हे चार गाण्यांत जमेल का?"

थांबा. धाकट्याची बाजू ऐकायची आहे अजून.

'निल रिकरिंग' एकोणतीस मिनिटांच्याही थोडी आत संपते. गणितात आवर्ती दशांश शिकलात ना? एकाला तीनने भागलं की ०.३३३… ते तीन काही संपत नाहीत. तसं हे 'शून्य आवर्ती'. शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य! कोऱ्या ग्रहाला शोभेलसंच नाव. पहिल्यांदा ही सीडी बँडने स्वतःच्याच छोट्या कंपनीतर्फे मोजक्या प्रतींत काढली होती. पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली.

पहिला तुकडा 'निल रिकरिंग' याच नावाचा. त्यात शब्द एकही नाही, नुसती वाद्यं. सुरुवात दबकत होते, मग गिटारचा जड ठोका येतो. आणि त्यावर मुख्य गिटार कोणाची, तर रॉबर्ट फ्रिपची. हा फ्रिप म्हणजे १९६९ साली पहिला अल्बम काढणाऱ्या किंग क्रिमसन या बँडचा कर्ता पुरुष, प्रोग्रेसिव्ह रॉकमधला आजोबाच म्हणा ना! हाच फ्रिप मोठ्या अल्बममध्येही आहे. पण तिथे 'वे आउट ऑफ हिअर' गाण्यात तो मागे धुक्यासारखा पसरलेला आहे. इथे तो ओसरीवर येऊन मध्यभागी बसतो. पाहुणा तोच, पण एका घरात तो शोभेला आहे आणि दुसऱ्या घरात बोलायला.

दुसरं गाणं 'नॉर्मल'. हे म्हणजे 'सेंटिमेंटल'चं जुळं भावंडं. धृपद जवळजवळ सारखंच. पण 'सेंटिमेंटल' पियानोवर संथ चालतं, तर 'नॉर्मल' गिटारच्या तारांवर पळणाऱ्या बोटांनी सुरू होतं आणि मधेच चिडतंसुद्धा. तिसरं 'चीटिंग द पॉलिग्राफ'. पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायचं यंत्र. या गाण्याचा ठेका असा तिरका आहे की पायाने ताल धरायला गेलात तर पाय हवेत राहतो. चौथं 'व्हॉट हॅपन्स नाउ?', सव्वाआठ मिनिटांच्या वरचं. इतक्या वस्तू जमवल्या, आता पुढे काय, असा प्रश्न त्यात आहे. शब्द थोडे आणि वाजवणं फार. एकच धागा पिळत पिळत नेत शेवटी त्याचा दोरखंड करतात.

ऐकून झालं. आता निकाल.

"कुठलं मोठं आहे हे विचारू नका," मी म्हटलं. "ते घड्याळ सांगतं. मी तीन प्रश्न विचारणार आहे."

पहिला प्रश्न, ते कशासाठी केलं? अल्बमला गोष्ट सांगायची होती. गोष्टीत जे बसत नाही ते कितीही छान असलं तरी बाहेर ठेवावं लागतं. 'चीटिंग द पॉलिग्राफ' आधी मोठ्या अल्बमसाठीच होतं. २००६ च्या दौऱ्यात त्यांनी ते मंचावर वाजवलंही होतं. पुढे त्याच्या जागी 'वे आउट ऑफ हिअर' आलं. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. त्या मुलाच्या जिवाची घालमेल 'वे आउट ऑफ हिअर'मध्ये आहे. 'पॉलिग्राफ' हुशार आहे, खोडकर आहे, पण ते त्याच्या गोष्टीतलं वाटत नाही. नाटकात भूमिका मिळाली नाही म्हणजे मुलाला अभिनय येत नाही असं नव्हे. त्या नाटकात त्याच्याजोगी भूमिका नव्हती, इतकंच.

दुसरा प्रश्न, एकट्याने उभं राहतं का? मोठा अल्बम ज्याने आयुष्यात ऐकलाच नाही, त्याला ही चार गाणी आवडतील का? मी सुरुवातीची तीन मिनिटं डोळे मिटून, बाकी सगळं विसरून ऐकून पाहिलं. 'निल रिकरिंग' उभं राहतं, पाय रोवून. 'व्हॉट हॅपन्स नाउ?'ही उभं राहतं. 'नॉर्मल' ऐकताना मात्र 'सेंटिमेंटल' सारखं आठवत राहतं. त्याची खरी मजा दोन्ही ऐकल्यावरच कळते. म्हणजे दोन पक्के, एक अर्धवट आणि 'पॉलिग्राफ' ज्याच्या त्याच्या आवडीवर. धाकटोबा, चारही गाणी सोन्याची आहेत असं मी म्हणणार नाही.

धाकट्याचं तोंड उतरलं, पण त्याने मान डोलावली.

तिसरा प्रश्न, दुसऱ्यात नाही असं याच्याकडे काय आहे? इथे थोरल्याला ऐकावं लागलं. मोठ्या अल्बममधल्या सहापैकी चार गाण्यांचं संगीत एकट्या विल्सनचं आहे. छोट्या सीडीत उलट आहे. एक त्याचं एकट्याचं, एक त्याचं आणि हॅरिसनचं आणि उरलेली दोन चौघांची मिळून. ऐकतानाही ते जाणवतं. अल्बममध्ये चौघे एका माणसाची गोष्ट सांगायला मदत करतात, तर सीडीत ते एकमेकांशी गप्पा मारतात. ड्रमवाल्या हॅरिसनला इथे मोकळं मैदान मिळालंय.

पुढची गंमत ऐका. २००८ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्गला त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. त्यात बँडने मोठा अल्बम आधी अथपासून इतिपर्यंत वाजवला. मधे कुठेही छोट्या सीडीतलं गाणं घुसवलं नाही. मात्र तो संपल्यावर त्या सीडीतली गाणीही त्याच मंचावर, त्याच जोमाने वाजवली. पुढे २०१५ मध्ये हॅरिसनने पॉर्क्युपाइन ट्रीची गाणी जॅझच्या तुतारीवाल्या मोठ्या ताफ्यासाठी नव्याने बांधून एक अल्बम काढला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'चीटिंग द पॉलिग्राफ'! आणि त्यातलं पहिलंच गाणं 'व्हॉट हॅपन्स नाउ?' ज्या गाण्याला एका घरात जागा मिळाली नाही, त्याने आठ वर्षांनी दुसऱ्या घराला आपलं नाव दिलं.

"म्हणजे निकाल काय?" थोरला अधीर झाला.

निकाल असा. एकूण काम म्हणून मोठा अल्बम श्रेष्ठ. पन्नास मिनिटं माणसाला एका जागी बसवून ठेवणं आणि शेवटी हलवून सोडणं, ही फार अवघड गोष्ट आहे. ती छोट्या सीडीने केलेली नाही, तिने तसा आवही आणलेला नाही. पण 'उरलंसुरलं' हा शब्द मी खोडतो. मोठ्याच्या पट्टीने मोजलं तरच ती उणी दिसते. तिच्या स्वतःच्या पट्टीने मोजली तर चार गाण्यांत दोन उत्तम, आणि चौघे वाजवणारे आपापल्या आवाजात ऐकू येणारे. हे कमी नाही.

जेवायला बसलो. पहिला घास तोंडात गेला असेल-नसेल, तेवढ्यात ताई धाकट्याला म्हणाली, "सहामाहीचा गणिताचा पेपर दाखवलास का मामाला? दादाला आठवीत किती पडले होते ठाऊक आहे ना?"

धाकटा काही बोलला नाही. आमटीत बोट फिरवत बसला. माझ्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की सकाळपासून हा पोरगा कुणाची वकिली करत होता!

दोस्तांनो, मीही धाकटाच बरं का. ताई माझ्यापुढे तीन वर्षं. पाचवीत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "तू तिचा भाऊ ना? मग शुद्धलेखन सुंदरच असणार." ते सुंदर नव्हतं. पुढची पाच वर्षं माझी प्रत्येक वही ताईच्या वहीशेजारी ठेवून तपासली गेली. मला चित्रं बरी काढता यायची, पण ताई चित्रं काढत नसे, त्यामुळे ती कुणी तपासलीच नाहीत.

हे मी ताटावर मोठ्याने बोलून गेलो. ताई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बाईंचं मला माहीतच नव्हतं रे." तिने धाकट्याच्या पानात तूप वाढलं आणि विचारलं, "पेपरात तुला स्वतःला कुठलं गणित आवडलं, ते सांग."

तो सांगायला लागला. आवर्ती दशांशाचंच होतं ते! आणि थोरला? तो म्हणाला, "दुपारी तुझी सीडी पहिल्यापासून लाव. मी मधे बोलणार नाही." पाच मिनिटांनी बोललाच म्हणा. सवय जाते का लगेच?

करून बघा

घरातली कुठलीही दोन गाणी घ्या, एक फार गाजलेलं आणि दुसरं त्याच गायकाचं किंवा संगीतकाराचं कमी ऐकलेलं. मराठी, हिंदी, कुठलंही चालेल. गाजलेलं आधी ऐकू नका, कमी ऐकलेल्यापासून सुरुवात करा. मग तीन प्रश्न वहीत लिहा. हे कशासाठी केलं? एकट्याने उभं राहतं का? दुसऱ्यात नाही असं याच्यात काय आहे? उत्तरं चार-चार ओळींत लिहा. 'भारी' आणि 'बोअर' हे दोन शब्द वापरायला बंदी!

आणि पालकांनो, एक सूचना. मोठ्या अल्बममधले शब्द मोठ्यांसाठीचे आहेत. गोळ्या, नैराश्य, हिंसा असं त्यात येतं. ती गाणी मुलांबरोबर बसून ऐका आणि ऐकल्यावर बोला. सुरुवात करायची असेल तर धाकट्या सीडीतल्या पहिल्या तुकड्यापासून करा. त्याला शब्दच नाहीत, त्यामुळे काळजी नाही. आणि ऐकताना थोरल्या अल्बमचं नाव काढू नका. निदान पहिली सहा मिनिटं तरी!